दुष्काळाची मुलाखत घ्यायला जाताय? रेकॉर्डर चालू करायच्या आधी हे वाचा

गावोगावची मुलं-मुली आता आपल्या आजी-आजोबांच्या आठवणी रेकॉर्ड करायला लागलीत, फार चांगलं आहे ते. पण माझ्याकडे ऐकायला येतात त्या बऱ्याचशा रेकॉर्डिंग एकाच जागी फसलेल्या असतात. नातू विचारतो, "आजी, बहात्तरच्या दुष्काळाबद्दल सांग ना." आजी म्हणते, "काय सांगू बाबा, लई हाल झालं, खायाला न्हाई, प्यायाला न्हाई." नातू म्हणतो, "खूप त्रास झाला असेल ना?" आजी म्हणते, "व्हय." संपलं. अकरा मिनिटांची फाइल. आणि हीच आजी दुष्काळी कामावर दिवसभर खडी फोडत होती, मिलोच्या भाकरी थापत होती, हजेरीवरून मुकादमाशी भांडत होती, ते सगळं तिच्या पोटातच राहिलं.

यात आजीचं काही चुकलेलं नाही. प्रश्न चुकला, आणि प्रश्नाच्या आधी करायची तयारी झालीच नव्हती. बहात्तर साली वीस वर्षांची असलेली बाई आज सत्तरी ओलांडून गेलीये, दुसऱ्यांदा बसायला मिळेलच असं नाही, म्हणून क्रम नीट पाळा. मी उदाहरणं बहात्तरच्या दुष्काळाची देतोय कारण मी त्यावरच काम करतो, पण गिरणी संप असो, धरणात गेलेलं गाव असो, पायऱ्या याच.

## १. आधी ठरवा: कोण आणि नेमकं काय

"गावातल्या सगळ्या म्हाताऱ्यांच्या मुलाखती" असं ठरवलं की तिसऱ्या मुलाखतीनंतर काम बंद पडतं. त्यापेक्षा "आमच्या गावच्या पाझर तलावावर कामाला गेलेली माणसं" इतकं बारीक धरा. पाच-सहा जण पुरतात, पण ते वेगवेगळ्या बाजूचे हवेत. पाटी वाहणारी बाई, हजेरी लिहिणारा, बैलजोडी होती तो शेतकरी, काहीच जमीन नव्हती ते कुटुंब, तेव्हा आठ-दहा वर्षांचं असलेलं पोर. गावात "त्यांनाच विचारा, त्यांना सगळं माहितीये" म्हणून एका माणसाकडे बोट दाखवतात, सहसा जुने सरपंच नाहीतर रिटायर्ड गुरुजी. त्यांना भेटा जरूर, पण शेवटी भेटा. त्यांची गोष्ट बोलून बोलून गुळगुळीत झालेली असते आणि ती आधी ऐकली की तुम्ही बाकीच्यांना त्यातलेच प्रश्न विचारत बसता.

सावध: गावठाणातल्या चार घरांवर थांबू नका. दुष्काळात पाणी कोणाला कुठल्या विहिरीवर मिळालं आणि कोणाला लांब उभं राहून वाट बघावी लागली, हे वस्तीवस्तीनुसार वेगळं ऐकायला मिळतं. एकाच आळीत मुलाखती घेतल्या तर "सगळ्यांनी मिळून निभावलं" एवढंच हाती लागतं.

## २. स्वतःचा अभ्यास, दोन संध्याकाळी तरी

अभ्यास कशासाठी, तर समोरच्याच्या तोंडून एखादा शब्द आला की तो तुम्हाला कळावा म्हणून. मिलो म्हणजे परदेशातून आलेली लाल ज्वारी, सुकडी म्हणजे कामावर वाटायचा पौष्टिक खाऊ, मस्टर म्हणजे हजेरीचा कागद, बरबडा म्हणजे रानातलं बी, धान्य नसलं की तेच दळून खायचे. हे शब्द माहीत नसले तर तुम्ही दर दोन मिनिटांनी "म्हणजे?" करून धागा तोडता.

दुसरं म्हणजे सालांची एक पट्टी कागदावर काढून ठेवा. म्हाताऱ्या माणसांना साल आठवत नाही, घटना आठवतात. पानशेत फुटलं ते १२ जुलै १९६१. कोयनेचा भूकंप ११ डिसेंबर १९६७ च्या पहाटेचा. दुष्काळाचा कळस १९७२-७३, पण पाऊस त्याच्या आधीची दोन वर्षंही बऱ्याच भागात कमीच होता. आणीबाणी १९७५. गिरणी संप जानेवारी १९८२. किल्लारीचा भूकंप ३० सप्टेंबर १९९३, गणपती विसर्जनानंतरची पहाट. शेजारी त्यांच्या घरच्या घटना लिहा, लग्न, पहिलं मूल, विहीर, वाटणी. मग "तुमचं लग्न कोणत्या साली झालं?" असं विचारावं लागत नाही, "कोयनेचा भूकंप झाला तेव्हा तुम्ही माहेरी होता का सासरी?" एवढं विचारलं की साल आपोआप सापडतं.

एक गोष्ट इथेच सांगतो कारण सगळे अडकतात. लोक बहात्तरच्या कामाला सर्रास "रोजगार हमी" म्हणतात. रोजगार हमीचा कायदा १९७७ चा, अमलात आला २६ जानेवारी १९७९ ला, आणि बहात्तरची बहुतेक कामं सरकारी भाषेत टंचाईची, लोकांच्या भाषेत दुष्काळी कामं होती. त्यामुळे आजी "रोजगार हमीवर गेलो" म्हणाली तर ती बहात्तरचं सांगतेय की नंतरचं, हे बघावं लागतं. तिला दुरुस्त करू नका, फक्त विचारा, "तेव्हा धाकटा झाला होता का?"

## ३. पहिली भेट, रेकॉर्डर घरी ठेवून

ही पायरी सगळे गाळतात. आधी एकदा नुसते जाऊन या, अर्धा-पाऊण तास, चहा घ्या. तुम्ही कोणाचे कोण, हे कळल्याशिवाय गावाकडचं माणूस मोकळं होत नाही. "मी अमक्याचा नातू" एवढ्यावर निम्मं काम होतं. काय करायचंय, कशाला करायचंय, किती वेळ लागेल, कोण ऐकणार, हे सरळ सांगा.

या भेटीत बघून ठेवायच्या गोष्टी: कोणत्या कानाने चांगलं ऐकू येतं, औषधं किती वाजता, दुपारी झोपतात का, घरात गर्दी कधी असते, आणि मध्ये बोलणारं माणूस कोण आहे (प्रत्येक घरात एक असतंच). फार खोलात मात्र शिरू नका. त्यांनी भरभरून सांगायला सुरुवात केली तर हात जोडून थांबवा, "मावशी, हे सगळं मला परवा नीट ऐकायचंय." गोष्ट पहिल्यांदा सांगताना जशी येते तशी दुसऱ्यांदा येत नाही.

## ४. संमती

संमतीपत्र एका पानाचं, साध्या मराठीत. त्यात एवढं हवं: रेकॉर्डिंग कुठे ठेवणार, कोण ऐकू शकेल, नाव द्यायचं की बदलायचं, कोणता भाग बंद ठेवायचा आणि कधीपर्यंत, आणि नंतर मन बदललं तर काय. ते वाचून दाखवा. अंगठा घेऊन मोकळं व्हायचं नाही, रेकॉर्डिंगच्या सुरुवातीलाही तोंडी विचारा म्हणजे त्यांचा होकार त्यांच्याच आवाजात राहतो. नंतर मुलाखत संपल्यावर पुन्हा एकदा विचारा, कारण आधी त्यांना तरी कुठे माहीत असतं आपण काय काय बोलणार आहोत.

सावध: मुलाने "घ्या हो, आईची काही हरकत नाही" म्हटलं म्हणजे आईची संमती झाली नाही.

## ५. मशीन

भारी रेकॉर्डर नसला तरी चालतं, मोबाईल चालतो, पण सेटिंग बघा. एमपीथ्री नको, वेव्ह फाइल घ्या, ४८ किलोहर्ट्झ, २४ बिट. एका माइकवर तासाला साधारण अर्धा जीबी जागा लागते, दोन चॅनलवर दुप्पट. मोबाईल असेल तर एअरप्लेन मोड. हे मी कळकळीने सांगतोय, माझ्या सुरुवातीच्या एका मुलाखतीत मध्येच फोन आला, रेकॉर्डिंग तिथेच थांबलं आणि मला कळलं पंचवीस मिनिटांनी. एक आजोबा बैलजोडी विकायला बाजारात नेल्याचं सांगत होते, खिलारी बैल होते, दावं सोडताना बैल कसा मागे वळून बघत होता तिथपर्यंत सांगितलं त्यांनी. पुन्हा विचारलं तर चार वाक्यांत आटोपलं. मीही मग जोर केला नाही, तसं दोनदा सांगायला लावणं बरं नव्हे.

माइक तोंडापासून एक वीतभर. टेबलावर थेट ठेवलात तर प्रत्येक थाप आत जाते, खाली घडी घातलेला टॉवेल घ्या. कॉलरचा माइक बायकांना लावताना पदर जिथून जातो त्याच्या विरुद्ध खांद्याला लावा आणि मंगळसूत्राला घासत नाही ना बघा, नाहीतर तासभर खरखर.

तपासा: बॅटरी पूर्ण, जागा रिकामी, एअरप्लेन मोड चालू, एक मिनिट टेस्ट करून *हेडफोन लावून* ऐकलं. चौथं नाही केलं तर पहिल्या तिन्हीचा भरवसा नाही.

## ६. जागा आणि आजूबाजूची माणसं

गावाकडच्या घरात सगळ्यात चांगली जागा म्हणजे गोधड्यांची चवड असलेली आतली खोली, आवाज घुमत नाही. ओसरीवर छान वाटतं पण येणारा-जाणारा थांबून "काय चाललंय?" करतो. पत्र्याचं घर असेल तर सकाळीच उरका, ऊन चढलं की पत्रा तडतडतो आणि पंखा लागतोच. टीव्ही बंद, कुकर आधी किंवा नंतर, शेजारी पिठाची गिरणी असेल तर तिची वेळ विचारा.

माणसांचं जास्त अवघड. नवरा समोर बसलेला असला की बाई प्रत्येक उत्तराआधी त्याच्याकडे बघते आणि बहुतेक वेळा तोच उत्तर देतो. सून बसली की सासरचं बोलत नाही. शेजारी बसले की पाण्याचं, सावकाराचं बोलत नाहीत. एकटं बसायला मिळायला हवं. मी दोघांच्याही मुलाखती घेतो, आधी तात्यांची अगदी नीट, मान देऊन, आणि मग "आता काकूंची, दोन आवाज एकत्र आले की रेकॉर्डिंग कळत नाही" म्हणून सांगतो. ते खरंही आहे आणि कोणाला लागतही नाही.

## ७. सुरुवात

रेकॉर्डर चालू केला की आधी तुम्ही बोला: तारीख, गाव, कोणाची मुलाखत, कोण घेतंय, खोलीत अजून कोण आहे. मग अर्धा मिनिट सगळे गप्प, खोलीचा नुसता आवाज घ्या, पुढे साफ करताना लागतो. मग तोंडी संमती.

पहिला प्रश्न सोपा आणि लांब उत्तराचा. "तुमचं माहेर कुठलं, लहानपणी घरात कोण कोण होतं?" दुष्काळावर लगेच येऊ नका. आधी बऱ्या दिवसांचं विचारा, पाऊस व्हायचा तेव्हा रानात काय पिकायचं, कणगी असायची का, जनावरं किती, पाणी कुठून. ते नसेल तर पुढे "काहीच उरलं न्हाई" म्हणतील तेव्हा काय गेलं ते ऐकणाऱ्याला कळणारच नाही.

## ८. प्रश्न: इतिहास विचारू नका, दिवस विचारा

सगळ्या लेखातली ही पायरी नीट वाचा. "दुष्काळ कसा होता?" याचं उत्तर माणूस मत म्हणून देतो, आणि मत सगळ्यांचं सारखंच असतं. "कामावर जायच्या दिवशी उठल्यावर पहिलं काय करायचात?" याचं उत्तर आठवण म्हणून येतं. मग पाठोपाठ साधे प्रश्न: बरोबर काय न्यायचात, किती लांब, चालत का, तान्हं पोर कुठे ठेवायचात, हजेरी कोण घ्यायचं, दगड किती मोठा असायचा, दुपारी सावली होती का, सुकडी कशात घ्यायचात, पगार कोणत्या वारी, पैसे हातात आले की पहिलं काय आणलं.

कामाचे प्रश्न झाले की घर: मिलोच्या भाकरीची चव, ती थापायला कशी होती, पोरं खायची का. मग पाणी. मग जनावरं, आणि हा विषय जपून, बऱ्याच जणांना माणसांच्या हालापेक्षा दावणीचं बोलणं जड जातं. गाव सोडून कोण गेलं, मुंबईला का ऊसतोडीला. शेवटी पाऊस: पहिला चांगला पाऊस पडला तेव्हा तुम्ही कुठे होता?

नेहमी होणाऱ्या चुका सांगतो.

प्रश्नातच उत्तर घालणे. "मुकादम पैसे खायचा ना?" असं विचारलं की "व्हय" येतं आणि ते काहीच कामाचं नाही. "मस्टर कसं भरायचे, अंगठा कधी घ्यायचे?" विचारा, खात असेल तर ते आपोआप येईल.

एका दमात तीन प्रश्न. समोरचा शेवटच्याचं उत्तर देतो, पहिले दोन हरवतात.

"हं, हं, अच्छा, बापरे" करत राहणे. गप्पांत ठीक आहे, रेकॉर्डिंगमध्ये तुमचा आवाज त्यांच्या शब्दांवर चढतो. नुसती मान हलवा, डोळ्यांत बघा.

वाद घालणे. त्यांनी साल चुकीचं सांगितलं, पुढाऱ्याचं नाव चुकीचं सांगितलं, सोडून द्या, वहीत खूण करा.

आणि हातवारे! हे कोणाच्या लक्षातच येत नाही. एका आजींना मी विचारलं खडी केवढी फोडायची, त्यांनी बोटं जुळवून दाखवली, "एवढी." फाइलमध्ये फक्त "एवढी" आहे. तेव्हा लगेच मोठ्याने बोलायचं, "म्हणजे लिंबाएवढी का?" आजी म्हणाल्या, "लिंबापरीस बारीक, आवळ्यावाणी. मोठी ऱ्हायली की मुकादम ढीग मोजायचा न्हाई." बघा, त्या एका प्रश्नाने काम मोजायची पद्धत बाहेर आली. मग त्यांनी फडकं पिळून चुंबळ करून दाखवली, पाटीखाली डोक्यावर ठेवायची. वीस सेकंद नुसता कापडाचा आवाज आहे. मी त्यावर बोललो, "आजी फडकं दोनदा पिळतायत, आता गोल गुंडाळतायत," आणि नंतर विचारून फोटो काढला.

तपासा: अर्ध्या तासाने एकदा मनात मोजा, शेवटच्या दहा मिनिटांत कोण जास्त बोललं? तुम्ही असाल तर पुढची दहा मिनिटं एकेका वाक्याचाच प्रश्न.

## ९. गप्प झाल्या तर, रडल्या तर

उत्तर संपलं असं वाटलं की मनात पाच आकडे मोजा. बहुतेक वेळा तिसऱ्या-चौथ्या आकड्याला माणूस पुन्हा बोलायला लागतं आणि खरी गोष्ट तिथून पुढे असते. आपल्याला शांतता सहन होत नाही म्हणून आपण पुढचा प्रश्न टाकतो.

डोळ्यांत पाणी आलं तर घाईने विषय बदलू नका, त्याने त्यांना वाटतं आपण काही चुकीचं बोललो. पाणी द्या, थांबा, मग विचारा, "थोडं थांबूया का? मशीन बंद करू?" बंद म्हणाल्या तर लगेच बंद, त्यांना दिसेल असं. त्या दुष्काळात कोणाचं तान्हं मूल गेलेलं असतं, कोणाला पोरीचं लग्न घाईने लावून द्यावं लागलेलं असतं, आणि त्या गोष्टी पन्नास वर्षांत कोणी विचारलेल्याच नसतात. अशा जागी "मग काय झालं?" असं खोदू नये. त्या सांगतील तेवढंच तुमचं.

सावध: बोलता बोलता सावकाराचं, जमीन लाटणाऱ्याचं नाव येतं आणि त्याची मुलं आजही गावात असतात. तिथे थांबवू नका, पण वेळ टिपून ठेवा आणि मुलाखतीनंतर विचारा, हा भाग बंद ठेवायचा का. त्रास झाला तर तो त्यांना होणार आहे, तुम्ही शहरात परत गेलेले असाल.

## १०. थांबवायचं कधी

तास-दीड तास, बस. म्हातारं माणूस दमलं की "व्हय, न्हाई" वर येतं, तेव्हा उरलेलं पुढच्या वेळी. रडवणाऱ्या विषयावर कधीच संपवू नका, शेवटची दहा मिनिटं आजचं विचारा, नातवंडं, यंदाचा पाऊस. शेवटचा प्रश्न कायम हाच: "मी विचारायला हवं होतं आणि विचारलं नाही असं काही आहे का?" आणि मशीन लगेच बंद करू नका, उठता उठता उंबऱ्यात माणसं फार महत्त्वाचं बोलतात. रेकॉर्डर चालू आहे हे मात्र सांगा.

निघताना जुने कागद, फोटो, रेशन कार्ड, माळ्यावरचा हातोडा असं काही असेल तर तिथेच फोटो काढा. वस्तू घरी घेऊन जाऊ नका, परत द्यायला उशीर होतो आणि संबंध बिघडतात. दुसऱ्या दिवशी फोन करून "बरं वाटतंय ना?" एवढं विचारा.

## ११. त्याच रात्री

झोपायच्या आधी तीन प्रती: लॅपटॉप, वेगळी हार्ड डिस्क, आणि घराबाहेर कुठेतरी, म्हणजे क्लाउडवर किंवा दुसऱ्याच्या घरी. व्हॉट्सॲपवर व्हॉइस मेसेज करून पाठवलेली फाइल ही प्रत नव्हे, आवाज दाबला जातो. पाठवायचीच तर डॉक्युमेंट म्हणून पाठवा. फाइलचं नाव आधी वर्ष, मग महिना, दिवस, मग गाव, मग भाग क्रमांक. "आजी नवीन फायनल" असं नाव ठेवलं की सहा महिन्यांनी तुम्हालाच सापडत नाही. मूळ फाइलला हात लावायचा नाही, कापाकापी प्रतीवर.

आणि एक पान लिहा: खोली कशी होती, कोण आत येऊन गेलं, कुठे आवाज बदलला, वहीतल्या खुणा.

## १२. उतरवून काढणं

तासाभराची मुलाखत लिहायला पाच-सहा तास धरा, बोली जड असेल तर जास्त. मोबाईलच्या बोलून टाइप करण्याने सुरुवात करता येते, पण ते "व्हतं"चं "होतं" करतं, "बरबडा"चं भलतंच काहीतरी करतं, त्यामुळे ऐकत ऐकत प्रत्येक ओळ तपासावी लागते. भाषा शुद्ध करू नका. "आमी खडी फोडाया जायचो" हे "आम्ही खडी फोडण्यासाठी जात असू" केलंत की आजी गेली, राहिला तुमचा निबंध. दर पाच मिनिटांनी वेळ टाका, [हसतात], [बराच वेळ गप्प] असं कंसात लिहा. कळलं नाही तिथे अंदाजाने शब्द भरू नका, [ऐकू येत नाही] लिहा.

मग पडताळणी. दुसऱ्याची मुलाखत, शाळेचं जनरल रजिस्टर, सातबारा, जिल्हा गॅझेटियर. चुकलेलं सापडलं तर ते टीप म्हणून खाली द्या, बोलणं बदलू नका, कारण चुकीलाही अर्थ असतो. इटलीत तेर्नी शहरात १९४९ साली पोलिसांच्या गोळीने एक तरुण पोलाद कामगार मेला, पुढे मुलाखती घेतल्या तेव्हा बऱ्याच कामगारांनी तो मृत्यू १९५३ च्या मोठ्या कामगार कपातीच्या वेळचा म्हणून सांगितला. त्यांच्या मनात जखम कपातीची होती, म्हणून तो मृत्यूही तिथे जाऊन बसला. तुमच्या आजीने एखादी गोष्ट दोन वर्षं पुढे सरकवली असेल तर का सरकवली, ते शोधा.

## १३. परत द्या

लिहिलेलं मोठ्या अक्षरांत छापा, सोळा-अठरा पॉइंट, आणि स्वतः जाऊन वाचून दाखवा. रेकॉर्डिंग नातवाच्या मोबाईलमध्ये टाकून लावून दाखवा. कुठलं नाव काढायचं, कुठला भाग बंद ठेवायचा, हे या वेळी पुन्हा विचारा आणि संमतीपत्रावर त्यांच्यासमोर लिहा.

या भेटीला रेकॉर्डर बरोबर न्या आणि आधी विचारून चालू ठेवा. स्वतःचं बोलणं ऐकताना आजी मध्येच हात वर करतात, "थांब, हितं एक ऱ्हायलं," आणि मग पुढचा पाऊण तास जातो. ती फाइल वेगळ्या भाग क्रमांकाने ठेवा, पहिल्या मुलाखतीत मिसळू नका, आणि त्याच रात्री तिच्याही तीन प्रती करा.